खचलेल्या किनाऱ्यावर पालिकेने तातडीने वाळू टाकणं म्हणजे पैसे समुद्रात फेकणंच ना?

पायरी_मोजणारा

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी रोज पहाटे किनाऱ्यावर चालायला जातो. रस्त्यावरून वाळूत उतरायला सिमेंटच्या पायऱ्या आहेत. इतकी वर्षं चौथ्या पायरीला वाळू लागायची, त्याच्या खाली अजून पायऱ्या आहेत हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मागच्या महिन्यात वादळ आलं ते नेमकं उधाणाच्या भरतीला, आणि दोन रात्रीत समुद्राने पुळण ओरबाडून नेली. आता अकरा पायऱ्या दिसतात आणि अकराव्या पायरीच्या खाली पोकळी, पाय सोडून बसता येईल एवढी. फूटपाथ एका ठिकाणी खचलाय, एक ड्रेनेजचा पाइप उघडा पडून हवेत लोंबतोय.

पालिकेने खास सभा घेतली, राखीव पैशातून तातडीचा निधी मंजूर केला, नेहमीची टेंडरची रांग बाजूला ठेवून काम दिलं. डंपर आले, वाळू ओतली, पोकलेनने सारखी केली, पायऱ्या सहाच दिसायला लागल्या, लोक फोटो काढायला लागले. आठव्या दिवशी उधाण आलं आणि त्या नव्याकोऱ्या वाळूला सरळ उभा कडा पडला, माझ्या कमरेएवढा. सुरीने केक कापल्यासारखा. आज आठ पायऱ्या दिसतायत.

आता लोक दोन गटात वाटले गेलेत. एक म्हणतात ठेकेदाराने खाल्ले, दुसरे म्हणतात एकदाच काय ती भक्कम दगडी भिंत बांधा आणि सुटा. मला दोन्ही पटत नाही पण माझ्याकडे उत्तरही नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, हे असं वाळू टाकणं कुठे टिकतं का, की सगळीकडे दर वर्षी हेच चालतं?

---

शंकेखोर

टिकत नाही. विषय संपला.

बरं, उदाहरण देतो नाहीतर म्हणाल नुसता टोमणा मारून गेला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये सॅलिसबरी बीच म्हणून जागा आहे, तिथल्या घरमालकांनी २०२४ च्या मार्चमध्ये स्वतःच्या खिशातून ६ लाख डॉलर काढून जवळपास १५ हजार टन वाळू आणून घरांपुढे टेकड्या उभ्या केल्या. तीन दिवस. फक्त तीन दिवसात वादळ आलं आणि बरीचशी वाळू घेऊन गेलं. निदान त्यांचे स्वतःचे पैसे होते, इथे तुमचेआमचे आहेत.

---

सिव्हिलवाला

शंकेखोर, सॅलिसबरीची गोष्ट अर्धी सांगितलीत 🙂 वाळू गेली हे खरं, पण तिथल्या लोकांचं म्हणणं असं होतं की ती वाळू मध्ये नसती तर लाटा घरांवर आल्या असत्या. म्हणजे ती बळी द्यायलाच ठेवली होती. गाडीचा बंपर चेपला म्हणून आपण बंपरला शिव्या देत नाही. तीन दिवसात चेपला हे वाईटच, मी समर्थन करत नाहीये, फक्त वाळू गेली म्हणजे काम फसलं असा सरळ हिशोब लावता येत नाही.

आता मूळ प्रश्न. मी बंदरांच्या कामावर बरीच वर्षं काढलीत, किनारा भरायच्या दोन कामांवर होतो, त्यामुळे थोडं कळतं.

पहिली गोष्ट तो कडा. कडा दिसला की लोकांना वाटतं फसवलं. पण पोकलेनने वाळू पसरली की ती वरती सपाट आणि पुढच्या बाजूला तीव्र उताराची राहते, मशीनला पाण्याखाली जाऊन हलका उतार काढता येत नाही. समुद्राला मात्र त्याचाच उतार हवा असतो. तो पहिल्या काही भरत्यांमध्ये वरची वाळू ओढून पाण्याखाली पसरतो, जोवर त्याच्या मनासारखा उतार होत नाही तोवर. म्हणून भरल्यानंतर पहिल्या वर्षात कोरडी पुळण निम्म्यावर आली तरी डिझाइन करणाऱ्याला आश्चर्य वाटत नाही, त्याने तेवढी धरूनच वाळू जास्त टाकलेली असते. किंवा टाकलेली असायला हवी. तुमच्या पालिकेने हे आधी लोकांना सांगितलं होतं का? बहुतेक नसणार, कारण फोटो काढायच्या दिवशी असलं कोणी बोलत नाही.

दुसरं म्हणजे वादळाने "नेलेली" वाळू सगळी काही खोल समुद्रात जात नाही. वादळी लाटा उंच आणि जवळजवळ येतात, त्या वाळू खेचून थोडं आत नेतात आणि तिथे पाण्याखाली बांधासारखा उंचवटा तयार होतो. पुढे शांत हवेत लांब लांब लाटा येतात त्या तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. न्यायला दोन रात्री, आणायला कित्येक महिने. तेव्हा ओहोटीच्या वेळी नीट बघा, किनाऱ्यापासून आत शंभरदीडशे मीटरवर लाटा एका रेषेत फुटताना दिसतात का? दिसत असतील तर तुमची बरीचशी वाळू तिथे आहे.

तिसरं, डंपरने किती होणार. साधा गुणाकार करा: १ किलोमीटर लांब, ३० मीटर रुंद, २ मीटर जाड थर म्हणजे ६० हजार घनमीटर. एका डंपरमध्ये १० घनमीटर धरले तर ६ हजार खेपा. रोज १०० खेपा केल्या तरी दोन महिने, आणि तोवर रस्त्यांची जी वाट लागेल ती वेगळीच. मोठी कामं म्हणून सक्शन ड्रेजरने करतात, समुद्राच्या तळाची वाळू पाण्यासकट ओढायची आणि पाइपातून किनाऱ्यावर सोडायची. पण ते जहाज नुसतं आणून उभं करायचाच खर्च एवढा असतो की छोट्या पट्ट्यासाठी परवडत नाही, आणि तातडीत ते मिळतही नाही, तारखा वर्षवर्ष आधी लागलेल्या असतात. त्यामुळे तातडीच्या निधीतून डंपरच येणार. ते रस्ता आणि पाइप वाचवण्यापुरतं असतं. त्याला किनारा परत आणला म्हणणं, इथे मात्र पालिका चुकतेय.

---

खारा_वारा

सगळे वाळू किती टाकली यावर बोलतायत, पण गेली कुठे आणि मुळात यायची कुठून ते कोणी विचारत नाहीये. सिव्हिलवाल्यांनी सांगितलं ते आतबाहेरचं. त्याशिवाय वाळू किनाऱ्याच्या बाजूबाजूने सुद्धा चालत असते. लाटा तिरक्या येतात, वाळूचा कण तिरका वर चढतो आणि सरळ खाली घसरतो, परत तिरका वर, असं करत करत पूर्ण किनारा एका दिशेला सरकत असतो. म्हणजे तुमची पुळण ही नदीसारखी वाहती आहे. वरच्या अंगाला कोणी बांध घातला की खाली कोरड पडणार.

अमेरिकेतल्या मेरीलँडचं ओशन सिटी घ्या. १९३३ च्या चक्रीवादळाने तिथल्या वाळूच्या बेटाला मधोमध भगदाड पाडलं, बोटींना वाट मिळाली म्हणून लोकांनी आनंदाने दोन्ही बाजूंना दगडी धक्के बांधून ती वाट पक्की केली. झालं, उत्तरेला शहराची पुळण धक्क्याला अडून रुंद झाली आणि दक्षिणेचं ॲसाटीग बेट उपाशी पडून जमिनीच्या दिशेने मागे सरकत गेलं. आज नकाशा बघितला तर एकेकाळी हे एकच सलग बेट होतं हे सांगूनही पटत नाही.

पुदुच्चेरीचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी डोळ्यांनी पाहिलंय. १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदराचे लाटरोधक बांध आले, दक्षिणेकडून येणारी वाळू तिथेच अडली आणि शहरासमोरची पुळण जाऊन तिथे नुसते काळे दगड उरले. पुढे २०१८ च्या सुमारास शहरासमोर पाण्याखाली बांध टाकून आणि वाळू भरून थोडी पुळण परत आणली.

आणि ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टवाल्यांनी हे उलट बाजूने सोडवलं. तिथे ट्वीड नदीच्या तोंडाच्या भिंती १९६० च्या दशकात वाढवल्या, उत्तरेच्या किनाऱ्यांची वाट लागली, शेवटी २००१ पासून दक्षिणेला अडलेली वाळू पंपाने उचलून नदीखालून पलीकडे सोडतात. वर्षाला साधारण ५ लाख घनमीटर, वर्षानुवर्षं. रोजच्या पाणीपुरवठ्यासारखं ते चालू असतं, तातडीची वगैरे भाषाच नाही. तरी मार्च २०२५ मध्ये अल्फ्रेड वादळाने तिथले किनारे सोलून काढलेच, माणसापेक्षा उंच कडे पडले होते. पण त्यांच्याकडे यंत्रणा होती, ड्रेजर कुठून आणायचा आणि वाळू कुठली घ्यायची यावर शून्यापासून सभा घ्याव्या लागल्या नाहीत.

पायरीवाले दादा, तुमच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला गेल्या दहापंधरा वर्षांत काही बांधलंय का? जेट्टी, भराव, नदीवर धरण? धरणाने पण होतं हे, नदीची वाळूच समुद्रापर्यंत पोचत नाही.

---

पायरी_मोजणारा

बाप रे, एवढी माहिती येईल असं वाटलं नव्हतं.

सिव्हिलवाले, आज ओहोटीला मुद्दाम थांबलो. हो, आत लाटांची एक पांढरी रेघ दिसते, पूर्वी तिथे लाटा फुटत नव्हत्या. खारा_वारा ताई (दादा असाल तर माफ करा), एक जेट्टी आहे, मच्छीमार बोटींसाठी लांबवली होती. तिच्या पलीकडची पुळण खरंच पूर्वीपेक्षा रुंद झालीये, तिथे आता पोरं फुटबॉल खेळतात. मी हे रोज बघत होतो, पण त्याचा याच्याशी संबंध असेल असं डोक्यात आलं नाही.

अजून एक. नवीन वाळू हातात घेतली तर तळवा पिठासारखा माखतो, जुनी वाळू हाताला चिकटतच नव्हती, झटकली की साफ. रंगही जरा मातकट आहे. हे बघून काही कळतं का?

---

सिव्हिलवाला

फार काही कळतं! दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत जुनी वाळू, एकीत नवी, दोन्हीत पाणी, जोरात हलवा आणि टेबलावर ठेवा. चांगली वाळू अर्ध्या मिनिटात खाली बसते आणि वरचं पाणी बऱ्यापैकी निवळतं. बाटली तासाभराने पण गढूळ असेल तर वाळूत माती आहे.

आणि तोच खरा घोळ आहे. नव्या वाळूचा दाणा जुन्या दाण्याएवढा किंवा किंचित जाड हवा, हा किनारा भरायच्या कामातला पहिला धडा. बारीक दाणा लाटेत तरंगत राहतो आणि निघून जातो, त्याला हलका उतार लागतो म्हणून तेवढ्याच वाळूत पुळण अरुंद मिळते. आणि माती मिसळलेली असेल तर ती ओली होऊन, वाळून घट्ट बसते, मग ढासळत नाही, उभा कडा धरून राहते. तुमचा केक कापल्यासारखा कडा आठवा. थोडा कडा कुठेही पडतो, पण आठवडाभर तसाच उभा राहत असेल तर वाळूवर माझा संशय आहे. असे कडे कासवांनाही नडतात, माद्यांना अंडी घालायला वर चढता येत नाही. शिवाय ते लहान मुलांसाठी धोक्याचे, खालून पोखरून खेळतात आणि वरून कोसळतं, तेव्हा पालिकेला सांगून तेवढा तरी जेसीबीने उतरता करून घ्या.

---

शंकेखोर

म्हणजे ठेकेदारानेच खाल्ले. मी म्हणत होतो.

---

सिव्हिलवाला

अहो, खाल्ले की घाईत कोणी दाण्याचा रिपोर्टच मागितला नाही, हे बाटलीतून कळत नाही. घाईत सहसा दुसरं होतं. चाळणी करून दाणे मोजायला एक दिवस लागतो, पण "तातडी" हा शब्द आला की तो एक दिवसही कोणी देत नाही.

---

उनाड_लाट

भिंतीचं कोणीच बोललं नाही अजून. मला तर भिंतच बरी वाटते, निदान रस्ता तरी राहील.

---

खारा_वारा

रस्ता राहील, किनारा जाईल. समुद्र मागे सरकत असतो तेव्हा पुळणही त्याच्याबरोबर मागे सरकते, मागे भिंत असेल तर तिला जागाच उरत नाही आणि ती दोघांच्या मधे चेंगरून संपते. शिवाय भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा पायथ्याची वाळू खणतात, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याची जमीन खाल्ली जाते, मग शेजारी पण भिंत मागतो. असं करत पूर्ण किनाऱ्याला दगड लागतात.

मधला रस्ता म्हणून व्हेंचुराचं उदाहरण मला फार आवडतं, कॅलिफोर्नियातलं. तिथे सर्फर्स पॉइंटला पार्किंग आणि सायकलचा रस्ता समुद्राने खाल्ला होता. भिंत घालायची की नाही यावर वर्षानुवर्षं भांडण. शेवटी पार्किंग आणि सायकलवाटच उचलून मागे नेली, पुढे खाली गोल गोट्यांचा थर घातला आणि त्यावर वाळूच्या टेकड्या करून गवत लावलं. पहिला टप्पा २०११ मध्ये झाला. गोटे लाटेबरोबर हलतात पण जात नाहीत, लाटेचा जोर जिरवतात. अर्थात तिथे मागे सरकायला जागा होती. तुमचा फूटपाथ आणि त्याच्या मागे काय आहे त्यावर आहे सगळं.

---

हिशोबनीस

मी पालिकेत नाही पण सरकारी खर्चाचं ऑडिट करून केस पांढरे केलेत, त्यामुळे पैशाच्या बाजूने बोलतो.

तातडीच्या निधीला माझा विरोध नाही. रस्ता खचतोय, पाइप लोंबतोय, तेव्हा सहा महिने टेंडर काढत बसणं हा गुन्हाच. पण तातडीच्या कामाला शेवटाची तारीख लागते, आणि त्या तारखेच्या आत कायमच्या कामाचा आराखडा सभेपुढे यायला लागतो. तसं नसेल तर दर पावसाळ्यानंतर नवी तातडी उभी राहते. जी गोष्ट दर वर्षी होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे तिला तातडी कशी म्हणायची? तो नेहमीचा देखभाल खर्च झाला, तो बजेटमध्ये आधीच धरायचा.

यावर अमेरिकेच्या फेमाचा, म्हणजे त्यांच्या केंद्राच्या आपत्ती खात्याचा, नियम मला शिकण्यासारखा वाटतो. आपत्तीनंतर पुळण परत भरायला ते पैसे देतात, पण नैसर्गिक पुळणीला नाही. आधी डिझाइन करून, योग्य दाण्याची वाळू घालून बांधलेली आणि ठरावीक काळाने भरत राहायची सोय केलेली पुळण असेल तरच. म्हणजे पुळणीला रस्ता किंवा पुलासारखी बांधलेली वस्तू समजतात, देखभालीचे कागद दाखवा आणि पैसे घ्या. नैसर्गिक असेल तर फार तर पुढच्या वादळापुरता तात्पुरता वाळूचा बांध, तोही पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाला पुरेल एवढाच. या अटीमुळे तिथल्या शहरांना मोजमाप ठेवावंच लागतं, वादळाआधी किती वाळू होती हे दाखवता आलं नाही तर किती गेली हे कशावरून सांगणार?

तेव्हा दादा, माहिती मागवायची असेल तर "किती खर्च झाला" एवढंच मागू नका, तो आकडा ते लगेच देतील आणि त्यातून काही निघणार नाही. किती घनमीटर टाकली, कुठून आणली, दाण्याचा रिपोर्ट कुठाय, टाकण्याआधी आणि नंतर किनाऱ्याचे आडवे छेद, म्हणजे रस्त्यापासून पाण्यापर्यंत वाळूची उंची, मोजले का, हे मागा. बिल डंपरच्या खेपांवर काढलंय की किनाऱ्यावर प्रत्यक्ष मोजलेल्या वाळूवर, ते तर नक्की बघा.

---

सिव्हिलवाला

हिशोबनीसांच्या शेवटच्या ओळीला +१. खेपांवर बिल असेल तर ओली वाळू, अर्धा डंपर, सगळं खपतं.

अजून एक राहिलं. तुमचा भरलेला पट्टा किती लांब आहे? कारण भर घातलेली वाळू दोन्ही टोकांकडून बाजूला पसरून जाते, आणि गणित असं आहे की पट्ट्याची लांबी दुप्पट केली की पसरून जायला साधारण चौपट वेळ लागतो. म्हणून दोनतीनशे मीटरचं ठिगळ टिकतच नाही, कितीही चांगली वाळू घाला. शेजारच्या वस्त्यांनी मिळून एकत्र मोठं काम करावं असं आम्ही कंठशोष करून सांगतो ते याच्यासाठी.

आणि "कुठे टिकतं का" या मूळ प्रश्नाचं उत्तर. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला १९२२-२३ मध्ये पुळण भरली, आज शंभर वर्षांनी पण तिथे पुळण आहे, पण मधे मधे परत भरत आलेत म्हणून. मायामी बीचची पुळण १९७० च्या दशकाच्या शेवटी भरायला घेतली, तिथे तर नंतर जवळच्या समुद्रातली उपसण्याजोगी वाळूच संपत आली, आता आतल्या खाणीतून ट्रकने आणतात. डचांनी १९९० मध्ये ठरवलं की किनारा आता आहे तिथेच राखायचा, आणि तेव्हापासून दर वर्षी वाळू घालतात. २०११ मध्ये त्यांनी हेगजवळ एकदम २ कोटी १५ लाख घनमीटर वाळूचा हुकाच्या आकाराचा एक मोठा भरावच समुद्रात घालून ठेवला, वारा आणि लाटा ती वीसेक वर्षं आपसूक बाजूच्या किनाऱ्यांवर वाटत राहतील या हिशोबाने. तिथेही कोणी असं म्हणत नाही की एकदा टाकली आणि झालं.

---

उनाड_लाट

म्हणजे जेट्टीपलीकडे जी पोरं फुटबॉल खेळतायत ती आपल्याच वाळूवर 😅

---

पायरी_मोजणारा

हो ना, काल तिथे उभं राहून हाच विचार करत होतो. तीच वाळू इकडे आणता येईल का हे मी आमच्या भागाच्या इंजिनिअरला विचारलं, ते म्हणाले मच्छीमारांशी बोलावं लागेल आणि परवानगी लागेल, पण नाही म्हणाले नाहीत.

बाकी अपडेट: बाटल्या काल रात्री ठेवल्या. जुन्या वाळूची मिनिटभरात निवळली. नव्या वाळूची आज सकाळी पण चहात दूध टाकल्यासारखी होती, दोन्हींचा शेजारी शेजारी फोटो काढून माहितीच्या अर्जाला जोडलाय, हिशोबनीसांनी सांगितलेले सगळे मुद्दे घातलेत. भरलेला पट्टा पावलांनी मोजला, चारशे मीटरच्या आत आहे. कड्याचं सांगितल्यावर दुसऱ्या दिवशी जेसीबी आला आणि उतार करून गेला, तेवढं काम झालं.

आणि रोज एकाच जागेवरून, रेलिंगच्या तिसऱ्या खांबाला टेकून, ओहोटीला एक फोटो काढायला सुरुवात केलीये. कोणाला हवे असतील तर सांगा. आजच्या फोटोत नऊ पायऱ्या आहेत.